पुडी बंद केल्यावर

चंद्राबाईंनी पदराची गाठ सोडली आणि सात पुड्या माझ्या तळहातावर ठेवल्या. वर्तमानपत्राच्या कागदात बांधलेल्या, बोटाच्या पेराएवढ्या पुड्या. मी त्यातली एक उघडून सगळ्यांना दाखवली. पिवळट पावडर होती, सुंठीचा वास येत होता.

"हे औषध नाही," मी म्हणाले. "सुंठ आहे, हळद आहे आणि त्यात कुटलेली एक पांढरी गोळी आहे. त्या गोळीनं दुखणं थांबतं, पण हाडं पोकळ होतात, साखर वाढते, कातडी कागदासारखी होते. चंद्राबाई, हात दाखवा सगळ्यांना."

त्यांनी बाही वर सारली. दंडावर जांभळे डाग होते, नुसतं धरलं तरी उठणारे. चेहरा पुनवेच्या चंद्रासारखा गोल झाला होता, मानेमागे मांसाचा उंचवटा आला होता. गावात सगळे म्हणायचे, तात्यांच्या पुडीनं बाईच्या तोंडावर तेज आलं. मी ते तेज पुस्तकातल्या फोटोत पाहिलेलं होतं. मी सातही पुड्या समोरच्या पाण्याच्या बादलीत टाकल्या.

हे १९९३ सालच्या नोव्हेंबरातलं. मी चोवीस वर्षांची होते. डॉक्टर होऊन सहा महिने झाले होते आणि पाटण तालुक्यातल्या एका आरोग्य केंद्रात बंधपत्राची नोकरी करत होते. हुंबरवाडी तिथून अकरा किलोमीटर वर, डोंगरात. भातलावणीत दिवसभर चिखलात वाकून तिथल्या बायांचे गुडघे चाळिशीतच जायचे. त्यांना औषध द्यायचे ते दिनकरतात्या. मुंबईत एका दवाखान्यात वीस वर्षं कंपाउंडर होते, मग गावी येऊन राहिले. गावातली तेवीस माणसं रोज त्यांची पुडी घेत होती. काही जण सहा-सात वर्षांपासून.

त्या बुधवारी समाजमंदिरात तेवीसही जण आले होते. एकानंतर एक उठून पुड्या बादलीत टाकत होते. फक्त ज्ञानूआबा शेलार जागचे हलले नाहीत. सत्तरीचे, दम्याचे रोगी.

"बाई, पुडी चुकवली तर आई कोपती," ते म्हणाले. "तात्यांनी देताना तसंच सांगितलंय. एक दिवस बी चुकवायची न्हाई."

आई म्हणजे गावची देवी. मी हसले. मग त्यांच्या शेजारी जाऊन बसले आणि अगदी गोड बोलून त्यांची मूठ उघडली. आपण फार चांगलं काम करतोय अशी माझी खात्री होती. परत जाताना तात्यांच्या दारात जीप थांबवली आणि त्यांना सांगितलं की यापुढे एक जरी पुडी दिलीत तर पोलिसात देईन. ते उंबऱ्यात उभे होते. काहीतरी बोलायला तोंड उघडलं होतं त्यांनी, पण मी ड्रायव्हरला गाडी काढायला सांगितली.

शनिवारी ज्ञानूआबा गेले.

उपकेंद्रातल्या लीलासिस्टरचा निरोप आला. दोन दिवस ताप होता, गावात सगळीकडेच सर्दीतापाची साथ होती, उलट्या झाल्या आणि सकाळी मुलगी चहा द्यायला गेली तेव्हा अंग थंड होतं. मी निरोप आणणाऱ्याला वय विचारलं आणि रजिस्टरमध्ये कारण लिहिलं : वार्धक्य, जुना दमा. लिहिताना काही वाटलं नाही.

सोमवारी सकाळी लीलासिस्टर स्वतः दुधाच्या गाडीत बसून खाली आल्या. शांत, पन्नाशीची बाई, वीस वर्षं त्या डोंगरात काढलेली. त्या दिवशी त्यांना पाणी दिलं तर पेला दोन्ही हातांनी धरावा लागला.

चंद्राबाई पडल्या होत्या. आणखी दोघी अंथरुणाला खिळल्या होत्या. गावात सरळ बोललं जात होतं की आई कोपली. ज्यांनी पुडी बादलीत टाकली त्यांना ती एकेक करून नेणार, ज्ञानूआबा पहिले. रविवारी माणसं नारळ घेऊन तात्यांच्या दारात माफी मागायला गेली, पण तात्यांनी दार उघडलं नाही. त्यामुळे लोक जास्तच घाबरले. आता आई ऐकत नाही, असा त्यांनी अर्थ काढला.

"तुम्ही नका मानू त्यात काही," मी म्हणाले.

"मी मानत नव्हते," लीलासिस्टर म्हणाल्या. "आज मला ठाऊक नाही, मॅडम."

आम्ही वर निघालो. धुकं दहा वाजले तरी विरलं नव्हतं. गावात शिरलो तर एरवी गाडीमागे पळणारी पोरं दिसेनात. एका बाईनं मला पाहून लेकराला आत ओढलं आणि दार लावलं. पुढच्या घराचंही दार लागलं. आपल्याला पाहून कुणी दार लावून घेतंय, हे मी आयुष्यात पहिल्यांदा बघत होते.

चंद्राबाई ओटीवर घोंगडीवर पडल्या होत्या. बुधवारी माझ्यासमोर ताठ उभी राहिलेली बाई. आता हाक मारली तर डोळे उघडायच्या आणि लगेच मिटायच्या. अंगाला घाम, हातपाय गार. नाडी बोटाला लागेना. रक्तदाब बघितला : सत्तर, आणि खालचा आकडा ऐकूच येत नव्हता. दोन दिवस ताप आणि उलट्या, पाण्याचा घोट टिकत नव्हता, असं त्यांच्या सुनेनं सांगितलं. मी म्हटलं, पाणी कमी झालंय, सलाईननं होईल बरं. एक बाटली जोरात सोडली. मग दुसरी. पाऊण तास गेला. रक्तदाब पंचाहत्तर.

अशा वेळी शरीर उत्तर देतं, हे मी शिकले होते. पाणी दिलं की नाडी भरते, माणूस डोळे उघडतं. इथं मी देत होते आणि ते कुठे जात होतं कळत नव्हतं. कोपऱ्यात उभी असलेली सून हळू आवाजात काहीतरी पुटपुटत होती. मी कान दिला. ती माझ्या वतीनं आईची क्षमा मागत होती. बाई शिकलेली हाय, पोर हाय, तिला कळलं न्हाई.

तेव्हा काय काय मनात येऊन गेलं ते आज सांगायला लाज वाटत नाही. तात्यांनी पाण्यात विष घातलं असेल का, असं वाटलं. आणि एक क्षण, अगदी एकच क्षण, असंही वाटलं की खरंच कुणीतरी आहे आणि ते मला बघतंय. जीपनं कराडला न्यायचं तर तीन तास, अर्धा रस्ता दगडांचा. वाटेतच जातील, हे दिसत होतं.

लीलासिस्टरना तिसरी बाटली लावायला सांगितली आणि मी तात्यांच्या घराकडे पळत गेले.

दार आतून बंद होतं. मी हाताच्या मुठींनी ठोठावलं. म्हटलं, मी पोलीस आणलेले नाहीत, एकटी आहे. बराच वेळ गेला. मग कडी निघाली.

दिनकरतात्या साठीचे, वाळकेसे. दाढी वाढलेली, डोळे लाल. मी त्यांच्यावर ओरडायच्या तयारीनं आले होते, पण त्यांची अवस्था माझ्याहून वाईट होती. उभंही राहवत नव्हतं त्यांना. भिंतीला टेकून खाली बसले.

"कोण पडलं?" त्यांनी विचारलं.

"चंद्राबाई. तुम्ही काय केलंत लोकांना?"

"मी काही केलं नाही, बाई. तुम्ही केलंत." हे ते रागानं बोलले नाहीत. "पुडी एकदम तोडली की माणूस पडतं. मी त्या दिवशी तेच सांगत होतो, तुम्ही गाडी काढलीत."

त्यांनी मग तुटक तुटक सांगितलं. मुंबईचे डॉक्टर त्यांना म्हणायचे, दिनकर, ही गोळी देताना सोपी, थांबवताना अवघड. कधी एकदम बंद करायची नाही, पायरी पायरीनं खाली आणायची. का, ते डॉक्टरांनी कधी सांगितलं नाही आणि यांनी विचारलं नाही. यांच्या बायकोला, मालतीबाईंना, सांध्यांचा आजार होता, चार वर्षं ती गोळी चालू होती. गावी राहायला आल्यावर एकदा गोळ्या संपल्या. भाताची कापणी चालू होती. आठ दिवसांनी जाऊन आणू म्हणाले. सहाव्या दिवशी मालतीबाईंना ताप आला, सातव्या दिवशी त्या उठल्या नाहीत.

"लोकांना काय सांगू? गोळीचं सांगितलं तर कळणार नाही, आणि कळलं तर मला हाकलतील. एखाद्यानं कंटाळून सोडली तर मरेल. म्हणून सांगितलं, चुकवाल तर आई कोपेल. त्या भीतीनं तरी घेत राहतील." त्यांनी तोंडावरून हात फिरवला. "सात वर्षं कुणी चुकवली नाही. तुम्ही आलात आणि एका दिवसात तेवीस जणांची तोडलीत."

मी तिथे मातीच्या जमिनीवर बसले. मला आमच्या दुसऱ्या वर्षाचा तास आठवला. सरांनी फळ्यावर मेंदूचं चित्र काढलं होतं आणि त्याच्या तळाशी देठाला लोंबणारी वाटाण्याएवढी पीयूषिका ग्रंथी. शरीरातल्या बाकी ग्रंथींना ती हुकूम देते, म्हणून तिला लोक राजा म्हणतात, सर म्हणाले होते, पण ती स्वतःच्या मनानं काही करत नाही. तिच्या वरच्या मेंदूच्या भागातून अगदी थेंबाथेंबानं संप्रेरक खाली येतं आणि सांगतं, आता सोड. मग ती मूत्रपिंडावर बसलेल्या ग्रंथीला सांगते आणि ती ग्रंथी माणसाला ताप, जखम, उपास, भीती यांत उभं ठेवणारं द्रव्य बनवते. ते पुरेसं झालं की मेंदू वरून सांगणं थांबवतो.

पुडीत त्याच जातीचं द्रव्य होतं. बाहेरून, आयतं, रोज, सात वर्षं. चंद्राबाईंच्या मेंदूला वाटलं, भरपूर आहे. त्यानं सांगणं बंद केलं. पीयूषिका गप्प झाली, खालची ग्रंथी वाळून गेली. आणि बुधवारी मी बाहेरून येणारंही तोडलं. साधा ताप आला, शरीरानं मदत मागितली, आणि कुणी ऐकणारंच उरलं नव्हतं.

परीक्षेत हे मी चांगलं लिहिलं होतं. सोळापैकी तेरा मार्क होते.

सगळ्यात वाईट ही गोष्ट की औषध माझ्याच बॅगेत होतं. सापाच्या लशीची रिअॅक्शन आली तर द्यायला हायड्रोकॉर्टिसोनच्या दोन बाटल्या मी कायम जवळ ठेवायचे. दीड तास चंद्राबाईंच्या उशाशी ती बॅग पडून होती.

मी धावत परत आले. तात्याही मागून आले, लंगडत. शिरेतून अख्खी बाटली दिली, पाठोपाठ ग्लुकोज. सुईची टोपी लीलासिस्टरनी काढली. मग बसून राहिले. पंधरा मिनिटं, अर्धा तास, काही नाही. सुनेनं पुटपुटणं थांबवलं होतं, ते मला जास्त भयंकर वाटलं. पाऊण तासानं नाडी बोटाला लागली, बारीक दोऱ्यासारखी. रक्तदाब पंच्याऐंशी. मग शंभर. दुपारी दोनच्या सुमाराला चंद्राबाईंनी डोळे उघडले, माझ्याकडे बघितलं आणि पेज मागितली.

दुसरी बाटली बाकीच्या दोघींपैकी एकीला लागली, राहिलेली नुसत्या गोळ्यांवर सावरली. तात्यांच्या घरातल्या डब्यातून त्या पांढऱ्या गोळ्या आणल्या, आणि मी आणि लीलासिस्टर घरोघर गेलो. दार उघडायला लोक तयार नव्हते. तात्या पुढे उभे राहिले तेव्हा दारं उघडली.

मंगळवारी सकाळी पुन्हा त्याच समाजमंदिरात सगळ्यांना बोलावलं. बावीस माणसं. मी तात्यांना शेजारी बसवलं. रात्रभर काय बोलायचं ते ठरवत होते, पण समोर बसलेल्यांचे चेहरे बघितल्यावर ठरवलेलं सगळं गेलं. एवढंच सांगितलं की आई कोपलेली नाही. गोळी वाईट आहे हे खरं, पण ती एकदम सोडायला लावली ही माझी चूक. तुमच्या मेंदूनं काम सोडून दिलंय, त्याला परत कामाला लागायला महिने लागतील. तोवर गोळी माझ्या हातून घ्यायची, दर पंधरवड्याला थोडी कमी. ताप आला तर कमी करायची नाही, वाढवायची, आणि मला कळवायचं.

एका म्हातारीनं तात्यांना विचारलं, "म्हंजी आई कोपती ह्ये तुमी मनानं सांगितलं हुतं?"

तात्यांनी मान खाली घातली आणि हो म्हणाले.

पुढचे दहा महिने मी दर पंधरा दिवसांनी हुंबरवाडीला गेले. माझी बंधपत्राची मुदत मेमध्येच संपली होती, ती मी वाढवून घेतली. बावीसपैकी एकोणीस जणांच्या गोळ्या पूर्ण सुटल्या, तिघांना थोडी कायम ठेवावी लागली. वरच्या कार्यालयाला मी सगळा अहवाल लिहिला, तात्यांच्या पुडीसकट आणि माझ्या बादलीसकट. चौकशी झाली, मला लेखी समज मिळाली. तात्यांवर खटला झाला, दंड झाला. त्यांनी नंतर कुणाला औषध दिलं नाही. चंद्राबाईंचा चेहरा उतरला, गुडघे पुन्हा दुखायला लागले. त्यावरून त्यांनी मला शेवटपर्यंत ऐकवलं.

पण त्या मंगळवारी समाजमंदिरातून मी सरळ जीपमध्ये बसले नाही. तात्या मला बाजूला घेऊन म्हणाले होते, शेलारांच्या घरी जाऊ नका. ज्ञानूआबा म्हातारे होते, कागदावर तसं लिहिलंय, राहू दे. लोक मला दोष देतात, देऊ द्या. मला सवय आहे. तुमचं सगळं आयुष्य पुढे आहे.

खोटं कशाला बोलू, मला ते पटलं होतं. जीपच्या पायरीवर पाय ठेवला होता. तेव्हा लीलासिस्टरनी सांगितलं की आबांचा मुलगा वसंत, कराडला हमाली करतो, तो दुपारी येतोय. त्याला निरोप कालच मिळाला, बाप तात्याच्या करणीनं गेला असा. येताना तो भावकीतली चार माणसं घेऊन येतोय.

मी पाय खाली घेतला आणि शेलारांच्या घरी गेले. आबांची मुलगी इंदूताई ओसरीवर एकटी बसली होती. चाळिशीची, नवऱ्यानं टाकलेली, बापाजवळच राहायची. मी तिच्यासमोर बसून सांगितलं. मध्ये थांबले असते तर पुढे बोलता आलं नसतं, म्हणून एका दमात सांगितलं. आबा पुडी टाकायला तयार नव्हते, मी टाकायला लावली, म्हणून ते गेले.

ती माझ्याकडे बघत नव्हती. तशीच म्हणाली, "तीन दिस म्हनत हुते, इंदे, दार लाव, आई आली. म्या लावायची. परत म्हनायचे, लाव. लावलेलंच हाय म्हनलं तर आयकायचे न्हाईत." तिनं दाराकडे बघितलं. "मंग मला बी दिसाया लागलं कुनीतरी. दाराच्या फटीतनं."

"कुणी नव्हतं, इंदूताई."

"कुनी नव्हतं?"

"कुणी नव्हतं. माझी चूक होती."

तिनं मला जायला सांगितलं नाही आणि बसायलाही नाही. मी बसून राहिले. दोनच्या एसटीनं वसंत आला. दारातून आत न येता बहिणीला विचारलं, त्यो घरात हाय का. तो म्हणजे तात्या. मी उठून त्याच्यासमोर उभी राहिले आणि सगळं पुन्हा सांगितलं. त्याच्या मागे चार माणसं होती. एकाच्या हातात काठी होती. वसंत माझ्यापेक्षा हातभर उंच. ऐकताना त्याच्या जबड्याचं हाड हलत होतं. मला वाटलं, आता तो मला मारणार, आणि मी डोळे मिटले नाहीत एवढंच आठवतं.

"मी गावात सांगितलं तर कोन खरं मानायचं न्हाई," तो शेवटी म्हणाला. "म्हनतील, बाईनं तात्याला वाचवाय सांगितलं. लिहून द्या."

मी बॅगेतलं केंद्राचं लेटरपॅड काढलं. मांडीवर धरून लिहिलं की ज्ञानू रामा शेलार यांचा मृत्यू कुणाच्या करणीने किंवा देवीच्या कोपाने झालेला नाही. चालू औषध एकदम बंद केल्याने झाला. ते बंद करायला मी लावले. खाली नाव लिहिलं, सही केली, नोंदणी क्रमांक घातला, तारीख घातली. रजिस्टरमधली नोंदही बदलते, असं त्याला सांगितलं.

त्यानं कागद घेतला. मागच्या माणसांना हातानं बसा म्हटलं. मग ओसरीच्या कडेला टेकला आणि बहिणीला वाचता येत नव्हतं म्हणून एकेका शब्दावर बोट ठेवत, मोठ्यानं, पहिल्यापासून वाचू लागला.